खालसा न झालेला मुलूख: द्राझगोशेची लढाई, जानेवारी १९४२

स्लोव्हेनियाच्या गोरेन्स्का भागात, येलोवित्सा नावाच्या जंगली पठाराच्या उतारावर द्राझगोशे हे डोंगरी गाव आहे. खाली सेल्स्का दरी, वर दाट सूचिपर्णी रान आणि मधल्या उतारावर थोड्या थोड्या अंतराने वसलेल्या तीन वाड्या. एक चर्चजवळची, एक खडकावरची, तिसरी येलेन्श्चे. गुरं, लाकूड आणि उतारावरची तुटपुंजी शेती यांवर जगणारं हे गाव दोन गोष्टींसाठी पंचक्रोशीत ओळखलं जाई. एक म्हणजे संत लुसीच्या चर्चमधल्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या सतराव्या शतकातल्या लाकडी वेद्या. दुसरी म्हणजे मध घालून मळलेल्या कणकेचे छोटे पाव. साचा न वापरता बायका ते हातानेच घडवत आणि त्यांच्यावर कणकेच्याच बारीक दोऱ्यांनी फुलं आणि वेलबुट्टी काढत. या गावात ९ ते ११ जानेवारी १९४२ असे तीन दिवस लढाई झाली. एका बाजूला दोनशेच्या आसपास स्थानिक पार्टिझान, म्हणजे शेतकरी, कामगार, शिक्षक आणि विद्यार्थी यांची बटालियन होती. दुसऱ्या बाजूला तोफा घेऊन आलेलं जर्मन सैन्य होतं, आणि त्याचा आकडा साधारणपणे दोन हजारांच्या वर धरला जातो. पार्टिझान शेवटी गाव सोडून निघून गेले आणि जर्मनांनी गाव जाळलं. मग ही लढाई कोण जिंकलं? या प्रश्नावर स्लोव्हेनियात आजही कडाक्याचे वाद होतात. त्यांतले बरेचसे मेलेल्यांच्या आकड्यांभोवती फिरतात. या लढाईचं मोल त्या आकड्यांत सापडणार नाही असं माझं म्हणणं आहे. ते शोधायचं असेल तर जर्मनीने या मुलखावर नेमका कोणता दावा सांगितला होता आणि त्या दाव्याचं पुढे काय झालं, हे पाहावं लागेल.

जर्मनीने ६ एप्रिल १९४१ रोजी युगोस्लाव्हियावर हल्ला केला आणि १७ एप्रिलला युगोस्लाव्ह सैन्याने शरणागती पत्करली. त्यानंतर देशाचे लचके तोडले गेले. जेमतेम पंधरा लाख वस्तीच्या स्लोव्हेनियाच्या वाट्याला तर तीन धनी आले. उत्तरेकडचा मोठा आणि सुपीक, कारखानदारीचा पट्टा जर्मनीने घेतला. ल्युब्ल्याना शहर आणि त्याच्या दक्षिणेचा भाग इटलीकडे गेला, तर पूर्वेकडचा प्रेकमुर्ये हंगेरीकडे. नव्या सीमा शेतांमधून आणि रस्त्यांवरून ओढल्या गेल्या, ओलांडायला परवाने लागू लागले. एका भाषेचे, एका चालीरीतीचे लोक काही आठवड्यांत तीन राज्यांच्या कायद्यांखाली आले. या तिघांपैकी कोणीही स्वतःला ‘तात्पुरता ताबा घेतलेली सत्ता’ समजत नव्हतं, हे इथे ध्यानात घ्यायला हवं. इटलीने मे महिन्याच्या सुरुवातीलाच ल्युब्ल्याना प्रांत आपल्या राज्यात सामील करून टाकला. हंगेरीनेही प्रेकमुर्ये आपलाच मानला. जर्मनीचा बेत तर सर्वांत टोकाचा होता. हा मुलूख मुळात जर्मनच आहे, त्यावर चढलेलं स्लाव्ह पुट खरवडून काढलं की झालं, अशी त्यांची धारणा होती. हिटलर एप्रिलच्या अखेरीस स्वतः मारिबोरला येऊन गेला आणि हा प्रदेश पुन्हा जर्मन करा, असंच त्याने तिथल्या अधिकाऱ्यांना बजावलं.

गोरेन्स्कामध्ये या कामाला ताबडतोब हात घातला गेला. स्लोव्हेन शाळा बंद झाल्या, शिक्षक आणि धर्मगुरू यांना उचललं गेलं, पाट्या आणि गावांची नावं जर्मन झाली, ग्रंथालयांतली स्लोव्हेन पुस्तकं नष्ट केली गेली. जुलै १९४१ मध्ये शिकलेल्या, पुढारपण करू शकणाऱ्या कुटुंबांना गाड्यांत भरून सर्बियात हद्दपार करण्यात आलं. त्यापाठोपाठ फार मोठ्या प्रमाणावर लोक हलवायचे आणि त्यांच्या जागी जर्मन वस्ती आणायची, असा आराखडा तयार होता. या सगळ्याच्या शिरोभागी एक सोहळा योजलेला होता: प्रदेश रीतसर खालसा करून राइशमध्ये, म्हणजे जर्मन राज्यात, विलीन करण्याचा. त्यासाठी आधी १ ऑक्टोबर १९४१ ही तारीख ठरली होती. ती टळली, नोव्हेंबरवर गेली. तीही टळली आणि नवी तारीख आली १ जानेवारी १९४२. जर्मन कागदपत्रांचा आयुष्यभर अभ्यास केलेल्या टोने फेरेन्त्स या स्लोव्हेन इतिहासकारामुळे ही घसरण आज आपल्याला तारीखवार पाहता येते. माझ्या मते द्राझगोशेची गोष्ट सांगताना सुरुवात इथून करायला हवी. पहिली गोळी सुटण्याआधी काय होणार होतं हे कळल्याशिवाय ती गोळी का सुटली हे कळत नाही.

प्रतिकाराची संघटना युगोस्लाव्ह शरणागतीनंतर दहा दिवसांच्या आत ल्युब्ल्यानात उभी राहिली, आणि उन्हाळ्यात गोरेन्स्काच्या डोंगरांत सशस्त्र तुकड्या तयार झाल्या. ऑगस्टच्या सुरुवातीला येलोवित्सावरच्या एका कुरणावर त्यांतून एक बटालियन बांधली गेली आणि तिला इव्हान त्सान्कार या मोठ्या स्लोव्हेन लेखकाचं नाव दिलं गेलं. भाषा पुसायला निघालेल्या सत्तेविरुद्ध लढणाऱ्यांनी सेनापतीऐवजी लेखकाचं नाव घ्यावं, हे मला अगदी स्वाभाविक वाटतं. तिच्या नेतृत्वात योझे ग्रेगोर्चिच होते, आणि पेशाने शिक्षक असलेले स्ताने झागार होते. सुरुवातीला या लोकांकडे होत्या त्या शरण गेलेल्या युगोस्लाव्ह सैन्याने मागे टाकलेल्या बंदुका, थोडा दारूगोळा आणि रानाची पक्की माहिती. पण डिसेंबर १९४१ मध्ये चित्र पालटलं. मॉस्कोसमोर जर्मन सैन्य अडकल्याची आणि मागे रेटलं गेल्याची बातमी डोंगरात पोचली, आणि श्कोफ्या लोका शहराच्या आसपासच्या खोऱ्यांतले शेकडो शेतकरी उठावात उतरले. १२ डिसेंबरला रोव्त नावाच्या वस्तीजवळ त्सान्कार बटालियनने एका जर्मन पोलीस तुकडीचा फडशा पाडला. त्यात ४५ पोलीस मारले गेले. ज्या मुलखाला तीन आठवड्यांत राइशचा भाग म्हणून जाहीर करायचं होतं, त्या मुलखात दिवसाढवळ्या हे घडलं.

नेमक्या १ जानेवारी १९४२ ला, म्हणजे विलीनीकरणाच्या टळलेल्या तारखेलाच, बटालियन द्राझगोशेत उतरली. हा योगायोग आहे. जंगलात हिमाचे ढीग साचले होते, आणि दोनशे माणसं उघड्यावर जगवणं अशक्य होतं. गावकऱ्यांनी त्यांना घरांत, गोठ्यांत, माळ्यांवर जागा दिली, जे होतं ते खाऊ घातलं. आठवडाभर गावात पहारे बसले आणि बैठका झाल्या. एवढी मोठी वस्ती लपून राहणं शक्य नव्हतं. ९ जानेवारीला जर्मन दरीकडून वर चढू लागले. पहिल्या दिवशी त्यांना मशीनगनच्या माऱ्याने उतारावरच रोखलं गेलं. उघड्या, पांढऱ्याशुभ्र उतारावर वर चढणारा माणूस लांबून दिसतो आणि पडला तर त्याला खेचून नेणंही अवघड जातं. संख्येने दहापट असूनही हल्लेखोरांचं सुरुवातीला काही चालेना, त्याचं मोठं कारण ही जमीनच होती. मग तोफा लावल्या गेल्या, घरांना आगी लागल्या आणि हल्ला एका बाजूऐवजी अनेक बाजूंनी सुरू झाला. गावाच्या टोकाला बिच्कचा खडक म्हणून ओळखला जाणारा एक कडा आहे. तिथून खालची चढण आणि वाड्यांकडे येणारी वाट, दोन्ही माऱ्यात येतात. तिथलं ठाणं टिकलं तोवर गाव टिकलं. तिसऱ्या दिवशी तो खडक हातचा गेला आणि गाव सोडण्यावाचून इलाज उरला नाही. बटालियन येलोवित्साच्या रानात निघून गेली. गावातल्या लढाईत तिचे आठ-नऊ जण कामी आले. पाठलाग पुढेही चालू राहिला आणि त्यात आणखी माणसं पडली.

यानंतर जे घडलं त्याला लढाई म्हणता येत नाही. गावात शिरलेल्या जर्मनांनी ४१ गावकऱ्यांना ठार केलं. उरलेल्या बायका, मुलं, म्हातारी माणसं यांना उचलून ल्युब्ल्यानाजवळच्या शेंतविद इथे कोंडलं. घरं लुटली, जाळली, आणि जाळून उरलेल्या भिंती पुढच्या आठवड्यांत सुरुंग लावून उडवल्या. चर्चही जमीनदोस्त केलं गेलं. त्याआधी सोनेरी वेद्या तिथून हलवल्या गेल्या, म्हणून त्या वाचल्या. आज त्या श्कोफ्या लोकाच्या किल्ल्यातल्या संग्रहालयात उभ्या आहेत. मुलाम्याच्या कोरीव खांबांना जपून उतरवून बाहेर काढलं गेलं आणि ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्यासमोर गुडघे टेकले त्यांना भिंतीशी उभं केलं गेलं. एकाच जागी, एकाच सत्तेच्या हाताखाली झालेल्या या दोन कृती शेजारी शेजारी ठेवल्या की त्या सत्तेला या भूमीतलं काय हवं होतं आणि काय नको होतं, हे स्पष्ट दिसतं.

आता आकड्यांच्या वादाकडे येऊ. युद्धाच्या काळातच पार्टिझान पत्रकांनी द्राझगोशेत बाराशे जर्मन मेल्याचं सांगितलं, आणि युद्धानंतरच्या युगोस्लाव्हियात हा आकडा भाषणांतून, शाळांतून बरीच वर्षं फिरत राहिला. जर्मन कागदपत्रांतून दिसणारी संख्या तिसाच्याही आत आहे. जर्मन सत्तेला स्वतःचं नुकसान लपवायचं होतं, असा युक्तिवाद यावर केला जातो. जाहीर निवेदनांपुरता तो खरा असू शकेल, पण लष्करी आणि पोलीस खात्यांचे आपसांतले अहवाल, दफनाच्या नोंदी, बदली माणसांच्या मागण्या या सगळ्यांतून शेकडो मृत्यू लपवता येत नाहीत. शिवाय रोव्तमधले ४५ मृत्यू तर जर्मनांनी लपवले नाहीत. मग द्राझगोशेतलेच का लपवावेत? बाराशेचा आकडा टाकून द्यायला हवा, आणि तो टाकल्याने लढाईचं काही कमी होत नाही. उलट या फुगवलेल्या आकड्यानेच तिचं नुकसान केलं. १९९० नंतर जेव्हा जुन्या राजवटीच्या सगळ्या कथांची झाडाझडती सुरू झाली, तेव्हा हा आकडा पहिल्या फटक्याला कोसळला आणि त्याच्याबरोबर सगळी लढाईच खोटी, निव्वळ प्रचार, असं म्हणणाऱ्यांना आयतं कोलीत मिळालं. शहाण्या माणसांनीही मग दोन बाजू घेतल्या: आकडा मानणारे आणि लढाई नाकारणारे. दोघेही एकाच चुकीच्या मोजपट्टीने मोजत होते.

बरोबर मोजपट्टी कोणती? जर्मनीचा दावा होता की हा आपल्याच घरचा मुलूख आहे. घरचा मुलूख शांत असावा लागतो. तिथे कर गोळा होतो, मुलं शाळेत जातात, तरुण फौजेत भरती होतात, आणि या सगळ्यासाठी अधिकारी व पोलीस पुरतात. युद्ध चालू असताना विलीनीकरण जाहीर करणं ही जगासमोर आणि स्वतःच्या जनतेसमोर ‘इथलं काम संपलं’ असं सांगण्याची कृती होती. डिसेंबरचा उठाव, रोव्त आणि द्राझगोशे यांनी मिळून हे सांगणं अशक्य केलं. एका डोंगरी गावातून दोनशे माणसं हटवायला तीन दिवस, तोफा आणि हजारोंचं बळ लागत असेल, तर तिथला कारभार अजून लष्करी ताब्याचाच आहे, हे कोणत्याही अधिकाऱ्याला कळत होतं. १ जानेवारीची तारीख टळली ती कायमची. मुलकी प्रशासनाचा प्रमुख डिसेंबरमध्येच बदलला होता. फ्रान्झ कुचेराच्या जागी फ्रीडरिश राइनर आला होता. तोही १९४५ पर्यंत गोरेन्स्कावर राज्य करूनसुद्धा हा सोहळा घडवून आणू शकला नाही. युद्ध संपलं तेव्हा गोरेन्स्का कायद्याने राइशचा भाग झालेलाच नव्हता.

यावर एक वजनदार आक्षेप आहे आणि तो नीट ऐकायला हवा. तारखा ऑक्टोबरपासूनच टळत होत्या. म्हणजे द्राझगोशेच्या तीन महिने आधीपासून. मोठ्या हद्दपाऱ्याही उन्हाळा सरता सरताच थांबल्या होत्या. मग त्याचं श्रेय जानेवारीतल्या लढाईला कसं द्यायचं? शिवाय जर्मनीला माणसांची टंचाई होती, अधिकारी अपुरे होते, कारभाराची घडी बसली नव्हती, हीही कारणं होती. आक्षेपाचा पहिला अर्धा भाग मला मान्य आहे. एकट्या द्राझगोशेने विलीनीकरण रोखलं असं कुणी म्हणत असेल तर ते म्हणणं तारखांपुढे टिकत नाही. पण त्याच तारखा दुसरंही सांगतात. हद्दपाऱ्या थांबल्या त्या पहिल्या सशस्त्र कारवाया सुरू झाल्यानंतर, आणि त्या थांबवणारे जर्मन अधिकारी गोरेन्स्कातल्या अशांततेकडेच बोट दाखवत होते. टळणारी तारीख पुन्हा नवी दिली जाते तोवर बेत जिवंत असतो. जानेवारी १९४२ नंतर नवी तारीख दिली गेली नाही. माणसांच्या टंचाईचं म्हणाल, तर टंचाई का झाली हेही पाहावं लागेल. रशियात लढणाऱ्या राइशने एकेक पोलीस बटालियन मोजून वापरण्याच्या त्या हिवाळ्यात, ज्या मुलखात एकही लागू नये त्यात अनेक गुंतून पडल्या. द्राझगोशे हा त्या साखळीतला शेवटचा आणि सर्वांत मोठ्याने ऐकू आलेला दुवा होता, एवढंच म्हणावं. एवढंही पुष्कळ आहे.

दुसरा आक्षेप याहून कठीण आहे, कारण तो नैतिक आहे. लढले पार्टिझान आणि मेले गावकरी. बटालियनने गावात मुक्काम केला नसता, किंवा जर्मन येताना दिसताच रानात निघून गेली असती, तर ती ४१ माणसं जगली असती आणि गाव उभं राहिलं असतं. यातला तथ्यांश नाकारणारा इतिहास लिहू नये. गावाचा बचाव करायचा हा निर्णय बटालियनच्या नेत्यांचा होता. गावसभा बोलावून तो घेतला गेला नव्हता. हिवाळ्यात छप्पर लागत होतं हे खरं, पण छप्पर घेणं आणि तिथेच मोर्चा बांधून उभं राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गनिमी काव्याने लढणाऱ्यांनी जमीन धरून बसू नये हा धडा पार्टिझानांनी द्राझगोशेनंतरच नीट घेतला, आणि त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली. मात्र चुकीच्या डावपेचाचा दोष आणि खुनाचा दोष यांना एकाच तागडीत टाकलं जातं, तेव्हा मी तिथे थांबतो. हेग येथे १९०७ साली झालेल्या करारावर जर्मनीचीही सही होती. त्याचं पन्नासावं कलम स्पष्ट सांगतं की काही व्यक्तींच्या कृत्यासाठी सबंध वस्तीला शिक्षा करता येणार नाही. पंचेचाळिसावं कलम म्हणतं की ताब्यातल्या मुलखातल्या लोकांकडून निष्ठेची शपथ घेववता येणार नाही. पार्टिझान गणवेशात नव्हते, म्हणून ते कायदेशीर सैनिक नव्हते, असा मुद्दा जर्मन बाजूने तेव्हाही मांडला जाई. तो क्षणभर मान्य केला तरी तो पार्टिझानांपुरताच लागू होतो. रोट्या भाजून देणाऱ्या घरांना तो लागू होत नाही. आणि सूड द्राझगोशेत जन्मला असंही नाही. गोरेन्स्कातल्याच बेगुन्ये गावच्या वाड्यात गेस्टापोने तुरुंग थाटला होता. युद्धभरात तिथून अकरा हजारांहून अधिक कैदी गेले, आणि ओलिसांना गोळ्या घालण्याचं सत्र १९४१ च्या उन्हाळ्यातच सुरू झालं होतं. लढलं नसतं तर मारलं नसतं, हे एका गावाच्या बाबतीत कदाचित खरं ठरेल. सबंध प्रदेशाच्या बाबतीत ते खरं नव्हतं, कारण न लढणाऱ्यांसाठीही शिक्षकांसारखी आणि धर्मगुरूंसारखी हद्दपारी ठरलेलीच होती.

तिसरा आक्षेप लष्करी जाणकारांचा आहे. लढाईनंतर बटालियनचे तुकडे झाले. हिवाळ्यात अन्न आणि आसरा मिळेना, गावं घाबरली होती, जर्मन शोधपथकं स्कीवरून रान पिंजत होती. मार्च १९४२ मध्ये स्ताने झागार श्कोफ्या लोकाजवळ लढताना मारले गेले. वसंत येता येता गोरेन्स्कातली चळवळ विझल्यासारखी दिसत होती. मग काय साधलं? इथे मला वाटतं, लष्करी जाणकार अगदी बरोबर सांगतात आणि तरीही प्रश्न चुकीच्या जागी संपवतात. ज्या सैन्याकडे बदली माणसं नाहीत त्याने समोरासमोर लढू नये हा नियम द्राझगोशेने सिद्ध केला, यात वाद नाही. पण बंडाचं भवितव्य त्याच्या बटालियनच्या शिल्लक माणसांवर कमी आणि पुढची माणसं कुठून येतात यावर जास्त ठरतं. ही माणसं आणून देण्याचं काम पुढे जर्मन सत्तेनेच केलं. १९४२ मध्ये तिने गोरेन्स्कातल्या लोकांना ‘मागे घेता येईल असं’ नागरिकत्व बहाल केलं. म्हणजे खालसा न केलेल्या मुलखातल्या माणसांना अर्धवट प्रजा करून घेतलं, आणि त्याच वर्षी तरुणांवर लष्करी भरतीची सक्ती लादली. मुलूख आपला नाही हे मान्य करायचं नाही, पण त्यातली मुलं रशियाच्या आघाडीवर पाठवायची. या पेचातून अनेक तरुणांनी वाट काढली ती डोंगराची. काहींनी रजेवर घरी आल्यावर गणवेश टाकून रान गाठलं, काही भरतीची नोटीस येताच निघून गेले. येलोवित्सावर पुढच्या वर्षांत ज्या नव्या तुकड्या उभ्या राहिल्या, त्यांत अशी माणसं मोठ्या संख्येने होती.